बलुतं, पोस्त आणि चहापाणी

घरी कामाला आलेल्या माणसाला ठरलेल्या पैशांवर चार पैसे जास्त द्यावेत की नाही, हा विषय बायकांच्या बोलण्यात वर्षातून दोन-तीनदा तरी निघतोच. दिवाळी तोंडावर आली की हमखास निघतो. एक म्हणते, "गॅसवाला सिलिंडर आत ठेवतो आणि दारातच घुटमळतो. हातावर काही ठेवल्याशिवाय हलत नाही." दुसरी म्हणते, "तुम्हीच लावलेल्या सवयी आहेत या." तिसरी म्हणते, "गरिबाला दिलं तर बिघडलं काय? पुण्यच लागतं." तिघींचंही थोडं थोडं खरं असतं, म्हणून वाद मिटत नाही.

मी बी. ए. ला इतिहास घेतला होता. त्या इतिहासात राजे आणि लढाया फार होत्या, घरच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिलं जायचं हे फारसं नव्हतं. ते नंतर मी जमेल तसं वाचलं आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं. तेव्हा ध्यानात आलं की आपल्या भाषेत या वरच्या पैशांना किती नावं आहेत! बलुतं, पोस्त, बक्षीस, खुशाली, चहापाणी, बोनस आणि आता टिप. प्रत्येक शब्द वेगळ्या काळातला. पण प्रत्येकाच्या पोटात प्रश्न एकच आहे : हे त्याच्या हक्काचं आहे, की आपल्या मर्जीचं?

बलुत्यापासून सुरुवात करते. माझं माहेर चिकोडी तालुक्यातलं. आम्ही जैन या भागात बहुतेक शेतकरी. त्यामुळं आमच्या घरानं बलुतं घेतलं नाही, दिलं. आज्जी सांगायची, सुगीत जोंधळ्याची मळणी झाली की रास घरी यायच्या आधी खळ्यावरच वाटे पडायचे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव असे सगळे आपापली घोंगडी किंवा पाटी घेऊन यायचे. बस्तीतल्या उपाध्यांचाही वाटा असायचा. आमच्याकडं कन्नड बोलणारी माणसं याला 'आय' म्हणतात आणि घेणाऱ्यांना 'आयगार'. बारा बलुतेदार म्हणा नाहीतर बारा आयगार म्हणा, रीत एकच. वर्षभर सुतारानं नांगर दुरुस्त करायचा, लोहारानं फाळ शेवटायचा, चांभारानं मोट शिवायची, न्हाव्यानं घरातल्या सगळ्या पुरुषांची डोकी करायची. त्या त्या वेळी पैसे कुणी मागायचं नाही आणि कुणी द्यायचे नाहीत. हिशेब वर्षातून एकदा, खळ्यावर, धान्यात.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिलं. त्यात ही सगळी रचना बारकाईनं मांडली आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असायच्या आणि ओळीप्रमाणं वाटा कमी-जास्त व्हायचा. म्हणजे बलुतं हे बक्षीस नव्हतंच. तो हक्क होता, आणि तो पिढीजात चालायचा. शेतकऱ्याला मनात आलं म्हणून सुतार बदलता येत नसे आणि सुताराचा वाटा बंदही करता येत नसे.

आज्जी हे सांगताना तिच्या तोंडावर समाधान असायचं. "कोण उपाशी राहत नव्हतं बघ," म्हणायची. मग थोडं थांबून, "खरं, पीक बुडालं की त्यांचंही बुडायचं." आमच्या बाजूला 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात. तिच्या त्या 'खरं'नंतरचं वाक्य मला जास्त खरं वाटतं. कारण हक्क असला तरी मोजमाप शेतकऱ्याच्या हातात होतं. पेंढी केवढी बांधायची, पाटी शिगोशीग भरायची की सपाट, हे देणारा ठरवणार. घेणाऱ्यानं हात पसरायचा. आणि सगळ्यांची कामं तरी कुठं सारखी मोजलेली होती? सुताराचा नांगर दिसतो. महारांच्या कामाला मात्र शेवटच नव्हता. गावाची राखण, सांगावा पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, सरकारी कामगार आला की त्याची सरबराई, रात्री-अपरात्री हाक आली की धावणं. त्याच्या बदल्यात थोडं धान्य, थोडी वतनाची जमीन आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं, तेव्हा हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूनं कसा ऐकू येतो हे मराठी वाचकांना कळलं. आमच्या घरात तो तोवर फक्त देणाऱ्याच्या बाजूनंच ऐकलेला होता.

या प्रश्नाला पहिला हात आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात घातला गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द करण्याचं पाऊल उचललं आणि वेठबिगारीविरुद्धही हुकूम काढले. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला जी परिषद झाली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि शाहू महाराज तिथं जातीनं आले होते. ते माणगाव कागल जहागिरीतलं, निपाणीहून फार लांब नाही. पुढं १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. मूळ कायदा १८७४ चा होता, आणि बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळं तो आमच्याही गावांना लागू होता. त्या विधेयकातलं मागणं मला आजच्या आपल्या प्रश्नासाठी फार मोलाचं वाटतं. वतनदार महारांनी कोणती कामं करायची हे ठरवून द्या. बलुत्याच्या धान्याऐवजी रोख मोबदला द्या. ज्याला वतनातून मोकळं व्हायचं असेल त्याला पूर्ण सारा भरून आपली जमीन ठेवू द्या. थोडक्यात, काम मोजा आणि दाम मोजा. विधेयक मंजूर झालं नाही. वतनं गेली ती स्वातंत्र्यानंतर. तिकडं १९५८ च्या कायद्यानं आणि इकडं आम्ही म्हैसूर राज्यात गेल्यावर १९६१ च्या कायद्यानं.

आता गावातून शहरात येऊ. शहरात खळं नव्हतं, रास नव्हती. पगार होता आणि पगाराच्या वर सणाची 'पोस्त' होती. आताच्या मुलींना हा शब्द ठाऊक नसेल. दिवाळीत पोस्टमन, शिपाई, भंगी, रखवालदार, गुरखा यांना हातावर जे पैसे देत ती दिवाळीची पोस्त. 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला. देणारा मोठा आणि घेणारा लहान हे त्यात गृहीतच आहे. आमच्या बेळगावात इंग्रजांची छावणी होती, तिथं साहेबाच्या बंगल्यावरच्या नोकरांच्या तोंडी हा शब्द सारखा असायचा. बलुतं आणि पोस्त यांत फरक काय, तर बलुतं न दिल्यास गावकी विचारायची. पोस्त न दिल्यास कोण विचारणार? फार तर पोस्टमन दोन दिवस तोंड पाडून जाईल. म्हणजे शहरात आल्यावर रोख पैसा हाती आला, हे चांगलं झालं. पण वरचं जे होतं ते हक्कातून मर्जीत गेलं.

मर्जीतलं कधी काढून घेतलं जाईल याचा नेम नसतो, हे मुंबईच्या गिरणी कामगारांनी शंभर वर्षांपूर्वी सोसलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या वर्षांत कापडगिरण्यांनी कामगारांना वर्षाकाठी एका महिन्याच्या पगाराइतका बोनस दिला. सलग चार वर्षं मिळाल्यावर कामगारांनी तो आपला धरला. घरची देणी, सणाचे कपडे, गावाकडं पाठवायचे पैसे त्यावर ठरू लागले. मग नफा घटला आणि १९२३ चा बोनस मालकांनी दिला नाही. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारनं चौकशी समिती नेमली. तिनं निकाल दिला की या बोनसवर कामगारांचा ना रिवाजानं हक्क आहे, ना कायद्यानं. ती मालकांनी खुशीनं दिलेली देणगी होती. संप हरला. पुढं चाळीस वर्षं हा प्रश्न धुमसत राहिला आणि १९६५ च्या कायद्यानं बोनस हा हक्क झाला. नंतर किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. पुन्हा तोच एक महिन्याचा पगार! पण हा कायदा कारखान्यांना आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना होता. तुमच्या-माझ्या घरात भांडी घासणारी बाई त्यात बसत नाही. आपलं घर आस्थापना नाही ना!

त्या बाईचं जुनं नाव मोलकरीण. आपण हल्ली हा शब्द टाळतो, तो कमीपणाचा वाटतो. 'मावशी' म्हणतो, 'कामाच्या ताई' म्हणतो. मला मात्र शब्द फोडून पाहिला तर तो स्वाभिमानी वाटतो. मोलानं काम करते ती मोलकरीण. फुकट नव्हे, उपकारावर नव्हे, मोलानं. मावशी म्हटलं की जवळीक होते हे खरं, पण मावशीला पगारवाढ मागायला जड जातं आणि मावशीची रजा कापताना आपल्याला मात्र जड जात नाही. १९६३ च्या 'मोलकरीण' चित्रपटात सुलोचनाबाईंना पाहून आमच्या आया पदरानं डोळे पुसत. त्या सुलोचनाबाई आमच्याच खडकलाटच्या. त्या चित्रपटातल्या मोलकरणीसाठी रडणाऱ्या घरांत स्वतःच्या मोलकरणीच्या खाड्याचे पैसे कापले जात होतेच.

म्हणून १९८० साल मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवलं आणि आपली संघटना उभी केली. त्यांची मागणी बक्षिसाची नव्हती. पगारवाढ द्या, आठवड्याची सुट्टी द्या, आजारपणाची रजा द्या, दिवाळीला बोनस द्या. त्याच सुमारास आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींतल्या हजारो बायका मजुरीसाठी एकत्र आल्या. युगांतर या बायकांच्या चित्रपट-गटानं या दोन्ही लढ्यांवर लघुपट केले. पुण्यावरचा 'मोलकरीण' १९८१ चा आणि निपाणीवरचा 'तंबाखू चाकिला ऊब आली' १९८२ चा. दोन्ही मराठीत. आपल्याच बोलीतल्या बायका कॅमेऱ्यासमोर आपल्या मजुरीचा हिशेब सांगतात. मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात हे लघुपट जरूर दाखवावेत. पुढं कर्नाटकानं २००४ साली घरकामाला किमान वेतन लागू केलं, महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, आणि २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकाम हेही इतर कामांसारखंच काम आहे असा करार संमत केला. आपल्यापैकी किती जणींनी कर्नाटकाचा किमान दर बघून मग पगार ठरवला? गल्लीत जो दर चालतो, तोच आपला कायदा.

आता तिसरीच्या पुण्याकडं येते. आपल्या घरांत दान हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात 'आदिपुराणा'त दानाचे चार प्रकार सांगितले : दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. दुःखितांवर दया करून दिलेलं, मुनींसारख्या सत्पात्राला दिलेलं, आपल्या बरोबरीच्या साधर्मीला दिलेलं आणि वंशाला सोपवलेलं. स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना हे ठाऊक आहे. या चारांत मजुरी कुठंच नाही, कारण मजुरी हे दानच नव्हे. ज्याचे पैसे आपल्याकडं अडकले आहेत त्याला ते देऊन पुण्य कसं लागेल? ते तर देणं फेडणं झालं. कामवालीला दिवाळीला दिलेला महिन्याचा पगार दानाच्या खात्यात लिहिणाऱ्या घरांनी एकदा हा विचार करावा.

उलट मजुराची आठवण शास्त्रात दुसऱ्या ठिकाणी येते, आणि ती अहिंसेच्या प्रकरणात येते. 'तत्त्वार्थसूत्रा'त अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातले शेवटचे दोन, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं आणि वेळेवर अन्नपाणी न देणं. पाठशाळेत हे शिकवताना बैलाचं उदाहरण देत. बैल आता दारात नाहीत. सिलिंडर खांद्यावर घेऊन लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला चढणारा पोरगा आहे. भर उन्हात गच्चीवर टाकी बसवणारा नळवाला आहे, त्याला पाणी आपण कोणत्या भांड्यातून देतो हेही आहे. रात्री पाणी न पिणाऱ्या, पाणी गाळून घेणाऱ्या आपल्या समाजात अन्नपाननिरोधाचा अर्थ एवढाच उरावा, हे बरं नाही.

मग द्यायचं की नाही? इतिहासातून मला जे समजलं ते असं : हक्काचं आधी पुरतं द्यावं, खुशीचं त्यानंतर. खुशीचं देऊन हक्काचं झाकू नये. जिथं जिथं देणं मर्जीवर गेलं, तिथं तिथं घेणाऱ्याला वाकावं लागलं. आणि वाकलेल्या माणसाचं समाधान आपल्याला सौजन्य वाटतं.

आमच्या घरात याचे चार भाग पाडले आहेत. पहिला, ज्यांना दुसरं कुणी पगार देतं ते. सिलिंडरच्या किमतीत घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो, म्हणून दारात मागणी झाली तर 'नाही' म्हणण्यात काही गैर नाही. मात्र जुनी शेगडी हलवायला लावली, तर ते जास्तीचं काम. त्याचे पैसे मजुरी म्हणून द्यावेत, उपकार म्हणून नव्हे. दुसरा भाग कारागिरांचा : गवंडी, सुतार, रंगारी, नळवाला, वीजवाला. यांच्याशी दर आधी बोलून घ्यावा आणि काम झाल्याच्या दिवशी पुरते पैसे द्यावेत. "उद्या या, सुटे नाहीत," म्हणून दोन हेलपाटे घालायला लावायचे आणि वर पन्नास रुपये चहाला द्यायचे, हा हिशेब त्याच्या तोट्याचाच असतो. काम मनासारखं झालं तर त्यावर खुशीनं जे द्याल ते खरं बक्षीस. आणि चार घरी त्याचं नाव सांगाल तर त्याहून मोठं.

तिसरा भाग मोलकरणीचा, स्वयंपाकाच्या बाईचा. तिथं एक महिन्याचा जादा पगार ठरलेला असावा, आणि तो कामाला ठेवतानाच बोललेला असावा. साडी, फराळ, जुने कपडे त्यात धरू नयेत. फराळ शेजारणीलाही देतोच की! जी वर्षाच्या मध्ये सोडून जाते तिला झालेल्या महिन्यांप्रमाणं द्यावं. आमच्याकडच्या बाईला मी हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, दिवाळीला बघून द्या की. आत्ताच कशाला?" तिला वाटलं मी काहीतरी अट घालते आहे. बघून देण्याची सवय देणाऱ्याला असते तशी घेणाऱ्यालाही होते. चौथा भाग सरकारी आणि नगरपालिकेच्या माणसांचा. कचऱ्याची गाडी घेऊन येणाऱ्यांना सणाला जरूर द्यावं, पण आपलं काम अडू नये म्हणून कुणा कार्यालयातल्या माणसाला जे 'चहापाणी' देतात, ते पोस्तीतही बसत नाही आणि बक्षिसातही. त्याचं नाव वेगळं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुम्ही असं देता आणि गल्लीचे दर वाढवता," ही तक्रार मी ऐकते. ती करणाऱ्या बाईची अडचण मला कळते. आपण गृहिणी, आपल्या हातात जे येतं तेही घरखर्च म्हणून मोजून येतं. त्यातून चार पैसे मागं टाकायचे तर कात्री कुठं लावणार? वाण्याचं बिल कमी होत नाही, मुलांची फी कमी होत नाही. मग ती लागते भांडीवालीच्या खाड्याला. आपल्या कामालाही दर नाही, रजा नाही. पाडव्याला ओवाळल्यावर ताटात पडतं ते नवऱ्याच्या मर्जीचं. मर्जीवर मिळण्यात काय असतं हे म्हणूनच आपल्याइतकं दुसरं कोण जाणेल? म्हणून हा जादा पगार आपल्या बचतीतून काढू नये. लाइट बिल आणि किराणा यांच्या शेजारी, घराच्या अंदाजपत्रकात तो वर्षाच्या सुरुवातीलाच लिहावा. पगाराचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला काढला तर दिवाळीत ओझं वाटत नाही.

आमच्या ओळखीच्या सहा-सात घरांनी असं लिहायला सुरुवात केली आहे. एकीच्या नवऱ्यानं विचारलं, "हे कसलं खातं?" ती म्हणाली, "देणं." त्यानं पुढं काही विचारलं नाही.